हात पडला की ठरलं

सोमवार, २ फेब्रुवारी

थाप्.

लाकडावर पडलेल्या तळहाताचा आवाज. आज दाढी करताना तो कुठून कानात आला कोण जाणे. हातातलं पातं हनुवटीपाशी थांबलं आणि मी आरशातल्या म्हाताऱ्याकडे बघत राहिलो.

अडतीस वर्षं मी या आवाजाचं खाल्लं. आमच्या दैनिकात छोट्या जाहिरातींचा काउंटर माझ्याकडे होता. माणूस यायचा, खिशातून घामेजलेली चिठ्ठी काढायचा. 'शिलाई मशीन विकणे आहे, अगदी नवे, कारण बाईसाहेब सदा आजारी असत.' मी त्यातला बाईसाहेबांचा आजार कापायचो, उरलेलं मोठ्याने वाचून दाखवायचो आणि विचारायचो, "ठरलं?" तो म्हणायचा, "ठरलं." दोघांचे तळहात फळीवर एकदम पडायचे. पावती वगैरे मागाहून. हात पडला की ठरलं. मग संपादक आले तरी त्यातला काना हलायचा नाही.

फक्त निधनाच्या जाहिरातीला आवाज करायचा नसे. तिथे झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात फळीवर नुसता टेकवायचा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या आधीचा माणूस तसं करायचा, म्हणून मी केलं.

मग ती परदेशी कंपनी आली. आली म्हणायचं एवढंच. दिसली कधीच नाही. लोकांच्या फोनमधून जाहिराती घेऊ लागली. पहिल्या वर्षी शिलाई मशिनं गेली, दुसऱ्या वर्षी भाड्याच्या खोल्या, मग स्थळं. सहा वर्षांपूर्वी आमचं दैनिक बंद पडलं, आणि बरोबर आठव्या दिवशी आमची ही गेली. गावातल्या हजारो लोकांच्या निधनाचे शब्द मी लिहिले आणि स्वतःच्या बायकोसाठी छापायला पान उरलं नाही. आमच्या मुलीने, चिऊने, तिचा फोटो आणि मी लिहिलेल्या चार ओळी फोनवर चढवल्या. मी पाहायला गेलो तर फोटोच्या शेजारी एक उघडा माणूस पोट धरून उभा. 'तीन आठवड्यांत पोट कमी करा!'

ते मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

आजच्या पेपरात बातमी आहे. सरकार म्हणतं, इथे कमावता तर इथे कर भरा. कंपनीचं उत्तर मी कात्रीने कापून इथे डकवतोय: 'या देशात आमचा कोणताही व्यवहार ठरत नाही. तेथील लोक केवळ माहिती देतात. सर्व व्यवहार समुद्रापलीकडे आमच्या मुख्यालयात ठरतात.' म्हणजे इथे त्यांचा पत्ताच नाही, मग कर कुणाच्या दारावर चिकटवायचा? शेवटी छोट्या अक्षरांत: कुणाकडे याबाबत माहिती असल्यास करखात्यास कळवावे.

छोटी अक्षरं हा माझा प्रांत. ही वही त्यासाठीच काढली.


गुरुवार, ५ फेब्रुवारी

वाचनालयात कानामात्रा भेटला. आमच्याच दैनिकाचा मुद्रितशोधक. आता सत्त्याहत्तर वर्षांचा, आणि अजूनही वाचनालयाच्या पेपरात लाल शाईने चुका दाखवतो म्हणून ग्रंथपाल त्याच्यावर खार खाऊन असतात.

मी म्हटलं, "बिनपत्त्याचीला धरायचं."

"कुणाला? त्या कंपनीला? नाव बरं ठेवलंस. धरणार कसा पण? तुला जिन्याचा कठडा धरवत नाही."

"व्यवहार इथे ठरतो एवढं सिद्ध केलं की झालं."

"मग सरकार त्यांच्याकडून कर घेईल आणि त्यातून तुझं दैनिक परत काढेल, असं का?"

"दैनिक नको. त्यांना दुखलं पाहिजे, बस."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "तुझी चिऊ काय करते हल्ली?"

मी सांगितलं, एका मदत केंद्रात आहे. जाहिरात कशी द्यायची ते दुकानदारांना समजावून सांगते. इथलीच संस्था आहे, पगाराच्या चिठ्ठीवर नाव पाहिलंय मी.

"नाव काय, आपल्याकडे टोपणनावाने लिहिणारे लेखक थोडे होते का?" तो म्हणाला आणि लाल पेन झटकत बसला. म्हातारपणी माणूस विषय सोडून बोलतो.


सोमवार, ९ फेब्रुवारी

शोध लागला! 

मदत केंद्राने कचेरीची जागा निम्मी केली म्हणून चिऊ गेल्या महिन्यापासून बहुतेक दिवस घरूनच काम करते. तिची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे. तिच्या कामाकडे मी लक्ष देत नसे. आज अकराच्या सुमारास शाळेतल्या कवितांची जुनी वही चाळत पडलो होतो, वृत्तं आठवत होतो, आणि पलीकडून ऐकू आलं, "हो काका, दोन आठवडे, फक्त आपल्या भागातल्या लोकांना दिसेल. तर मग ठरलं." आणि लगेच,

थाप्.

मी उठूनच बसलो. तोच आवाज! असणारच. चिऊचं टेबल म्हणजे आमच्या काउंटरचीच फळी. दैनिक बंद झालं तेव्हा भंगारवाल्याच्या हातगाडीवरून मी ती उतरवून घेतली होती. आणि चिऊ शाळा सुटल्यावर त्या फळीशी बसूनच गृहपाठ करायची.

म्हणजे व्यवहार ठरतो तो समुद्रापलीकडे नाही. माझ्या भिंतीपलीकडे ठरतो! जागा बिनपत्त्याचीची, विकून देतात बिचारी मदत केंद्रातली माणसं. त्यांनाही ती राबवतेय, जसं आम्हाला नागवलं तसं. माझी पोरसुद्धा तिच्या तावडीतून सुटली नाही.

उद्यापासून नोंदी.


मंगळवार, १० फेब्रुवारी

१०.२५. चष्मेवाला. फार घासाघीस. "ठरलं." थाप.
११.१०. गादीवाला. "ठरलं, उद्यापासून सुरू करते." थाप.
१२.४०. पाळणाघर चालवणाऱ्या बाई. थाप, पण हलकी. चिऊने त्यांना सांगितलं, आधी एकच आठवडा करून बघा, उगाच पैसे घालवू नका. शाबास.
४.०५. कुलूपवाला. तो म्हणाला असावा की विचार करून सांगतो. थाप नाही.


शुक्रवार, २० फेब्रुवारी

अकरा दिवसांत एकेचाळीस थापा. नावं लिहीत नाही. व्यवसाय, वेळ आणि तिचे शब्द तेवढे. चिऊला 'एक महिला' म्हटलंय. बाप आहे मी, एवढी अक्कल आहे.

जेवताना मी पेपरातली बातमी मोठ्याने वाचली. म्हटलं, "या बिनपत्त्याचीची एकदा अशी जिरली पाहिजे की समुद्रापलीकडून ओरडणं ऐकू आलं पाहिजे."

चिऊने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "बाबा, तिथे काम करणारी सगळीच माणसं काही वाईट नसतात."

"तुला काय माहीत?"

"नाही, म्हणजे असतील ना कुणी. कुणाच्या तरी मुली."

"असतील तर असोत. चोराच्या घरच्या भाकरीला चव असते का?"

ती जेवण अर्धं टाकून उठली. पाठ दुखते म्हणाली. दिवसभर बसून बसून दुसरं काय होणार? बिनपत्त्याचीच्या पापात हेही घातलं पाहिजे.

जाता जाता लॅपटॉप मिटताना दिसलं, तिने झाकणावरच्या कसल्याशा चिन्हावर फुलपाखराचा मोठा स्टिकर लावलाय. एकेचाळीस वर्षांची झाली, तरी अजून लहानच आहे.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवून काढल्या. बोरूने गिरवलेल्या हाताला अजून वळण आहे. या वहीच्या समासात दोन ओळी आपोआप उमटल्या. भुजंगप्रयात, चाल मोजून पाहिली, कुठे लंगडत नाही.

तुझा ठाव नाही, तुझे नाव मोठे
तुला गाठतो मी, पळावेस कोठे

सूड हा शब्द आम्ही शाळेत कवितेतच शिकलो. सूड म्हणजे घोड्यावर बसून घ्यायची गोष्ट, असं वाटायचं. माझ्याकडे घोडा नाही. मोतीबिंदू काढलेला एक डोळा आहे आणि प्लायवूडची भिंत आहे. पुरे आहे.


मंगळवार, ३ मार्च

करखात्यात जाऊन आलो. चिऊला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातो.

दुसऱ्या मजल्यावर लांब ओसरीसारखी खोली, कपाटांच्या पाठीला पाठी, आणि शेवटच्या टेबलाशी एक तरुण अधिकारी बाई. चष्म्याला दोरी. मला बसायला सांगून त्या अर्धा तास वाचत होत्या. एकदा मान वर करून विचारलं, "काका, 'थाप' म्हणजे?"

मी टेबलावर मारून दाखवली. चार कारकून उभे राहिले.

"आणि ही महिला कोण?"

"ते सांगणार नाही."

"ठीक. या नोंदी घेतल्या कुठून?"

"माझ्या खोलीतून."

त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला.  "काका, हे कागद फार कामाचे आहेत. गेली दोन वर्षं आम्ही नेमकं हेच शोधतोय. पण एकदा मी आवक शिक्का मारला की ते तुमचे राहणार नाहीत, खात्याचे होतील. आणि कंपनीला आम्हाला ते दाखवावे लागतील. घरी विचारलंय का?"

"घरी काय विचारायचं? घरात मीच मोठा आहे."

"मुलगी असेल ना?"

"असली म्हणून? तिच्या आईचीच तर गोष्ट आहे." आणि मी तो पोटवाला माणूस त्यांना सांगितला. सांगताना आवाज चढला. बाईंनी शिक्का बाजूला ठेवला. म्हणाल्या, "उद्या या हवं तर. मी थांबते."

मी म्हटलं, "ठरलं म्हणजे ठरलं." आणि स्वतःच हात मारला.

शिक्क्याचा आवाज त्या मानाने अगदीच किरकोळ.


गुरुवार, १२ मार्च

पहिल्या पानावर! खात्याने बिनपत्त्याचीला नोटीस बजावली. 'प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे.' प्रत्यक्ष नोंदी! वाचनालयात मी ती ओळ कानामात्र्याला बोट ठेवून दाखवली.

त्याने लाल पेन उघडलं नाही. म्हणाला, "कुणाच्या नोंदी?"

मी नुसता हसलो.

"अरे बाबा," तो म्हणाला, "आपण मजकूर छापण्याआधी एकदा घरच्यांना दाखवायचो ना? विशेषतः निधनाचा?"

कुणाच्या आनंदात विरजण घालायचं तर ते कानामात्र्याकडून शिकावं. मी आज दोन घास जास्त जेवलो. हिच्या फोटोपुढे उभा राहून सांगितलं, सुरुवात झाली.

चिऊ आज खाली मान घालून होती. तिच्या खोलीतून दिवसभर एकही थाप आली नाही. फोनवर परक्या भाषेत कुणाला तरी "येस, येस" म्हणत होती.


गुरुवार, १९ मार्च

बिनपत्त्याचीचं उत्तर आलं. लबाडी बघा: 'आमच्या लेखी नियमांनुसार तेथील कोणालाही व्यवहार ठरवण्याचा अधिकार नाही. कुणा एखाद्या व्यक्तीने परस्पर आगाऊपणा केला असल्यास तिच्यावर कारवाई करण्यात येईल.'

वाचून मी खो खो हसलो. सापाच्या शेपटीवर पाय पडला की तो असाच जवळची काटकी चावतो. चावू दे. काटकीचं काय जातं?


बुधवार, २५ मार्च

हे लिहायलाच हवं. वही सुरू करताना ठरवलं होतं, खरं तेच लिहायचं.

आज चिऊला कचेरीत बोलावलं होतं. दुपारी दोनलाच परत आली. हातात पुठ्ठ्याचं खोकं. त्यात तिचा कप, एक उशी, कोरफडीची कुंडी.

मी विचारलं, "सुट्टी दिली?"

"हो. कायमची."

तिने खोकं खाली ठेवलं आणि पर्समधून एक कागद काढला. उभ्याउभ्याच वाचला. "'सदर महिला व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून टेबलावर तळहात आपटते.' बाबा, मी असं करते हे मलासुद्धा माहीत नव्हतं. साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते." मग कागद दुमडत म्हणाली, "असं लिहायला कान लागतो. या गावात असा कान एकाच माणसाला आहे."

मी म्हणालो, "पण तू मदत केंद्रात आहेस. त्या पगाराच्या चिठ्ठीवर..."

"वेगळं नाव असणारच. तीच तर युक्ती आहे. पाटी वेगळी, पगार त्यांचा, माणसं त्यांची. मी पाच वर्षं त्यांच्याकडे आहे. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही जेवला नसता."

"मग ठरलं कशाला म्हणायचीस? नियम होता ना?"

"होता. ठरलं म्हणायचं नाही, 'वर कळवते' म्हणायचं. गादीवाले काका विचारायचे, वर म्हणजे कुठे, देवाकडे का? समोरच्या माणसाने ठरलं म्हटल्याशिवाय इथे कोण पैसे भरतो? हे साहेबांना ठाऊक नव्हतं का? एखाद्या महिन्यात चार कमी ठरले तर फोन यायचा, बाई, तब्येत बरी आहे ना?"

तिने दुसरा कागद दाखवला. त्यावर छापलंय: 'मी नियम मोडून, स्वतःच्या मर्जीने, कंपनीला अंधारात ठेवून व्यवहार ठरवत होते.' सही केली तर सहा महिन्यांचा पगार आणि चांगलं शिफारसपत्र. नाही केली तर फसवणुकीची तक्रार. तिने सही केली की बिनपत्त्याची धुतल्या तांदळासारखी, आणि माझी मुलगी लबाड.

 मी म्हणालो, "तुझ्या आईसाठी..."

"आईसाठी?" इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "तो फोटो पाहून तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात. मी फोन लावत होते बाबा. तीन दिवस. ती जाहिरात काढा एवढंच सांगायचं होतं. उचलायला माणूसच नव्हतं. म्हणून पुढल्या वर्षी त्यांची नोकरी निघाली तेव्हा धरली. म्हटलं, निदान या गावातल्या कुणी फोन केला तर कुणीतरी उचलावा. तुम्ही त्यांचा पत्ता शोधत होतात ना? मी होते पत्ता. एवढा एकच होता."

खोलीच्या दाराशी जाऊन ती वळली.

"सूड झकास घेतलात. पत्ता तेवढा घरचा निघाला."


शनिवार, २८ मार्च

चिऊ बोलत नाही. ताट वाढते, औषधं मोजून ठेवते, बोलत नाही. कोरफडीची कुंडी तिने माझ्या खिडकीत ठेवलीय. तिच्या खोलीत ऊन येत नाही म्हणून असेल.

समासातल्या त्या ओळी आज पुन्हा वाचल्या. वृत्त चोख आहे. मी खोडून टाकल्या.


मंगळवार, ३१ मार्च

पत्र लिहून करखात्यात गेलो. 'मी वृद्ध असून मला कविता करण्याची सवय आहे. नोंदींतील मजकूर कल्पनेने रचलेला समजावा व त्यावर विसंबू नये.' माझ्या नावापुढे वेडा म्हणून लागलं तरी चालेल; तिच्या नावापुढे लबाड नको. बिनपत्त्याची सुटली तर सुटली. हे लिहिताना दात असे आवळले की खरंच दाताच्या डॉक्टरकडे जावं लागेल.

अधिकारी बाईंनी पत्र वाचलं. माझे कागद काढून त्यांतलं एक पान समोर धरलं. "'११.१०. गादीवाला. थाप.' ही कुठली कविता, काका?"

"मुक्तछंद," मी म्हणालो.

त्या हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. "शिक्का मारत नाही. सोमवारी सकाळी अकराला सुनावणी आहे, तोवर इथेच राहू दे. तेव्हाही तुमचं असंच म्हणणं असलं तर मारीन." ड्रॉवर लावत म्हणाल्या, "तुमची मुलगी काल येऊन गेली. त्याच खुर्चीवर बसली होती."

"काय म्हणाली?"

"ते मला सांगता येणार नाही. मी तिला काय सांगितलं, तेही नाही. पण तुम्ही हे पत्र आणलंत, ते तिला सांगू का?"

मी म्हटलं, सांगा. आता माझ्यापाशी लपवायला काय राहिलंय?

माझी पोर तिथे जाऊन हात जोडून बसली असेल. माझ्यामुळे.


शुक्रवार, ३ एप्रिल

भिंतीला कान लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण आज ती मुद्दामच मोठ्याने बोलत होती की काय, खुर्चीत बसल्या जागी सगळं ऐकू आलं.

"नाही साहेब, टपालाने नाही. मी सही करीन, पण समोर बसून. ... नुसता कागद आणून देणारा नको. माझ्या अटी आहेत. त्या ऐकून, तिथल्या तिथे ठरवू शकेल असा माणूस हवा. तुम्ही नाही, तुमच्या वरचा. ... हो, कळतंय मला, विमानाने यावं लागेल. सुनावणी सोमवारी आहे, तेव्हा त्याआधीच. ... कचेरीत नाही, माझ्या घरी. घ्या लिहून पत्ता."

आणि तिने आमचा पत्ता सांगितला. एकेक अक्षर सावकाश. मजलासुद्धा.

म्हणजे सही करणार. वर भाव करतेय. तिला दोष कसा देऊ? सहा महिन्यांचे आठ करून घेईल, वर्षाचेही घेईल. घेऊ दे. पण ज्या कुणी तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून घरी पाठवलं, त्यांच्यासाठी माझी मुलगी घर झाडून ठेवणार, हे मला बघवणार नाही. 


शनिवार, ४ एप्रिल

चिऊने सकाळी टेबलाची फळी तिच्या खोलीतून ओढत बाहेरच्या खोलीत आणली. मी हात लावायला गेलो तर मानेनेच नको म्हणाली. दोन तास घासत होती. अडतीस वर्षांची शाई निघाली. मधोमध तळहाताएवढा एक गुळगुळीत खळगा आहे, तो उजेडात चमकायला लागला. मग तिने खाली विटांच्या चार चळती नीट रचल्या आणि तीन खुर्च्या मांडल्या. पलीकडे दोन, अलीकडे एक.

विकणार असेल फळी. विकू दे तिला. माझा आता कशावर हक्क नाही.


रविवार, ५ एप्रिल

सकाळी कानामात्रा बुद्धिबळाला येणार होता. दहाच्या पुढे बेल वाजली. मी सोंगट्यांचा डबा काखेत घेऊन दार उघडलं.

कानामात्रा नव्हता. तीन मजले चढून लालबुंद झालेला एक उंच परदेशी माणूस होता. चिऊ फोनवर म्हणाली होती खरी. पण मला वाटलं होतं, फार तर कुणी हाताखालचा येईल. याचा फोटो मी पेपरात पाहिलाय. 'सर्व व्यवहार समुद्रापलीकडे ठरतात', त्या उत्तराखाली होता. शेजारी वकील, हातात चामड्याची फाइल. सहा वर्षं मी ज्याला रोज शिव्या घातल्या, तो माझ्या पायपुसण्यावर बूट पुसत होता. मी सोंगट्यांचा डबा छातीशी धरून बाजूला झालो.

वकिलाने फोनमध्ये बघत विचारलं, "पत्ता हाच ना?"

"हाच," मागून चिऊ म्हणाली. "या, बसा. यांना सगळं ठरवायचा अधिकार आहे ना? इथेच, आत्ता?"

वकिलाने साहेबांना विचारलं. साहेबांनी मान हलवली. "पूर्ण अधिकार आहे," वकील म्हणाला, "म्हणून तर एवढ्या लांबून आलेत."

"छान." आणि मग अकरा दिवसांनी ती माझ्याशी बोलली. "बाबा, सोंगट्या ठेवा आणि वही आणा. खिडकीपाशी बसा. तारीख, वेळ, कोण कोण आलंय आणि आत्ता हे काय म्हणाले, सगळं घाला. अक्षर चांगलं काढा, उद्या अकराला वाचून दाखवायचंय."

वकिलाने हसून विचारलं, हे काय लिहिताहेत? चिऊ म्हणाली, "काही नाही हो. कवी आहेत."

तारीख वर घातली आहे. वेळ, दहा वाजून बावीस मिनिटे. दोघे पलीकडच्या खुर्च्यांवर बसलेत. साहेब घाम पुसताहेत. वकील फाइलमधून कागद काढून चिऊपुढे सरकवतोय.

चिऊने कागदाकडे पाहिलं नाही. फळीच्या मधोमध, त्या खळग्यात, तळहात टेकवला. अगदी हळू, आवाज न करता.

साहेबांना वाटलं असेल, बाई शांत स्वभावाची दिसते.